काला अंब येथील सावली

मराठी माणसाने पानिपत पाहिलेले नसले तरी त्याच्या बोलण्यात ते असते. एखाद्याचा समूळ पराभव झाला की ‘त्याचे पानिपत झाले’ असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार ज्या दिवसापासून भाषेत आला तो दिवस 14 जानेवारी 1761 हा होय. आज दिल्लीभोवतीच्या राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या या शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर काला अंब नावाचे स्थळ आहे. सदाशिवराव भाऊंनी तेथून सैन्याचे नेतृत्व केले, अशी परंपरा आहे. ज्या आंब्याच्या झाडावरून हे नाव पडले ते झाड आता नाही. त्या जागी विटांचा एक स्तंभ असून त्याला लोखंडी सळई आहे. सभोवार कुंपण आणि बाग आहे. दरवर्षी 14 जानेवारीस मराठी मंडळी आणि हरियाणातील रोड समाजाचे लोक येथे जमतात, हुतात्म्यांना वंदन करतात. एरवी हे एक शांत सार्वजनिक उद्यान असते.

अशा उद्यानात शाळेच्या मुलांना फिरविताना त्यांना काय सांगावे? बहुधा सांगितले जाते ते असे की, रणांगणावर सांडलेल्या रक्ताने झाडाची पाने काळी पडली. मुले गप्प होतात, आणि सहल पुढे जाते. परंतु निसर्गनिरीक्षणाचा वर्ग खरे तर येथूनच सुरू व्हावयास हवा.

झाडाची मुळे जमिनीतून पाणी व त्यात विरघळलेले क्षार घेतात. रक्त रक्त म्हणून पानापर्यंत चढत नाही. त्यातील लोह पानाला लाल वा काळे करीत नाही. उलट, हरितद्रव्य तयार होण्यास लोह लागते आणि ते कमी पडले तर कोवळी पाने पिवळी पडतात. मात्र दंतकथेत सत्याचा काहीच अंश नाही, असेही म्हणता येत नाही. रक्तात नत्र विपुल असते. वाळविलेले रक्त खत म्हणून वापरतात, आणि नत्र भरपूर मिळालेल्या झाडाचा हिरवा रंग गडद होतो. तो परिणाम काही हंगामांपुरता टिकतो, शतकभर नव्हे. आंब्याची पाने काळी दिसण्याचे नित्य कारण निराळेच आहे. मोहरावर व पानांवर तुडतुडे बसतात, रस शोषतात आणि मधासारखा चिकट पदार्थ टाकतात. त्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे दिसू लागते. असे पान ओल्या फडक्याने पुसले की खालचा हिरवा रंग दिसतो. बागेतल्या कोणत्याही आंब्यावर हा प्रयोग मुलांना करता येईल. काला अंबाचे नाव त्याच्या दाट, गडद पालवीवरून पडले असावे, असे पानिपत जिल्ह्याच्या अधिकृत माहितीतही म्हटले आहे. ‘अंब’ हा पंजाबीतला शब्द आपल्या ‘आंबा’चा सख्खा भाऊ, दोहोंचे मूळ संस्कृत ‘आम्र’. परक्या मुलखातले हे नाव मराठी मुलाला परके वाटू नये.

दुसरा धडा स्तंभाच्या सावलीचा. त्यासाठी जानेवारी महिना उत्तम, पण पहाटेचे दाट धुके विरेपर्यंत थांबावे लागते. बागेतील मोकळ्या जागी एक मीटर लांबीची काठी उभी रोवावी आणि दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजावी. पानिपत भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने तेथील खरी मध्यान्ह 14 जानेवारीस घड्याळात साडेबाराच्या सुमारास होते. त्या क्षणी सावली सर्वांत आखूड, म्हणजे सुमारे 122 सेंटिमीटर असते, काठीहूनही लांब. याचा अर्थ असा की, भर मध्यान्हीही सूर्य दक्षिण क्षितिजापासून केवळ 39 अंशांवर असतो. पुढील तीन तासांत तो नैर्ऋत्येकडे झुकत 23 अंशांपर्यंत उतरतो.

आता युद्धाचा नकाशा उघडावा. ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्ली आणि मराठे यांच्या मध्ये आला. त्यामुळे 14 जानेवारीस मराठ्यांची तोंडे दक्षिणेकडे आणि अफगाणांची उत्तरेकडे होती. दुपारचा सूर्य मराठ्यांच्या डोळ्यांवर येत होता, असे इतिहासात वाचावयास मिळते. ते विधान मुले काठीच्या सावलीवर पडताळून पाहू शकतात. सूर्याने युद्ध हरविले, असे मात्र यावरून ठरत नाही. आठवड्यांमागून आठवडे रसद तुटलेली, माणसे व जनावरे उपाशी, बरोबर यात्रेकरू आणि कुटुंबे: खरी कारणे ही. पण उपाशी माणसाच्या डोळ्यांवर ऊन येणे म्हणजे काय, हे त्या जागी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्याशिवाय कळत नाही.

त्याच दिवशी पुण्यातील एखाद्या शाळेने तेथील मध्यान्हीस असेच मापन केले तर सावली सुमारे 83 सेंटिमीटर भरेल. दोन्ही ठिकाणच्या कोनांत जवळजवळ 11 अंशांचा फरक निघतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. तेव्हा दक्षिणोत्तर अंतर 1200 किलोमीटरांच्या घरात येते. इराटोस्थेनीसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पृथ्वीचा परिघ मोजला तो याच युक्तीने. मराठी फौजा किती दूरवर आल्या होत्या, हे एवढ्या एका काठीने कळते. परतीच्या वाटेवर दिल्लीचे जंतरमंतर अवश्य पाहावे. सवाई जयसिंहाने ते 1724 च्या सुमारास उभारले. म्हणजे युद्धाच्या वेळी ती अवाढव्य सावलीयंत्रे उभी होती.

मार्चचा वर्ग लहान असला तरी चालेल: 21 तारखेची सावली 56 सेंटिमीटर, आंब्याला मोहर, त्यावर माश्या आणि तुडतुडे. याच सुमारास कोकणातला हापूस बाजारात येऊ लागलेला असतो, हे मुले आपण होऊन बोलून दाखवितात. उत्तरेतील दसेरी आणि लंगडा पिकावयास जून-जुलै उजाडतो. 21 जूनला काठीची सावली जेमतेम 10 सेंटिमीटर उरते, पण नाहीशी होत नाही. कारण पानिपत कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. पुण्यात ती मेच्या मध्यास एके दिवशी खरोखरच नाहीशी होते.

पावसाळ्याचा वर्ग कोयींचा. आंब्याची कोय फार दिवस टिकत नाही, काही आठवड्यांत तिची उगवणशक्ती जाते. म्हणून फळ खाल्ल्यावर लवकरच ती रुजवावी लागते. उत्तरेकडील आंब्यांच्या कोयीतून बहुधा एकच रोप येते, आणि ते आईसारखे निपजेलच असे नाही. जुन्या झाडाचे गुण जसेच्या तसे हवे असतील तर त्याच्या डहाळीचे कलमच बांधावे लागते. काला अंबाचे झाड वाळल्यावर त्याच्या लाकडाचे दरवाजे करण्यात आले, असे सांगतात. दरवाजाला पालवी फुटत नाही. मुलांनी कुंडीत लावलेल्या कोयीतून दोन-तीन आठवड्यांनी कोंब वर येतो. त्याची पहिली पाने तांबूस, जवळजवळ रक्तवर्णी असतात. कोवळ्या पानांतील या लाल द्रव्यास अँथोसायनिन म्हणतात. थोड्याच दिवसांत ती पाने हिरवी होतात, आणि वहीत त्या दिवसाची तारीख लिहून ठेवावयाची असते.