आठवणींचा टीआरपी

‘सगळ्यात आवडती मालिका कोणती?’ हा प्रश्न चार मराठी माणसांत टाकून बघा. पहिली दहा मिनिटं कुणीही उत्तर देत नाही, सगळे प्रश्नालाच फाटे फोडत बसतात. कौटुंबिक की विनोदी? दूरदर्शनच्या धरायच्या की नाही? गाण्याच्या स्पर्धा मालिकेत मोडतात का? आणि ‘होम मिनिस्टर’ कशात घालायचं? शेवटी कुणीतरी वैतागतं आणि म्हणतं, बरं, प्रत्येक प्रकारातली एकेक सांगा. मग खरी गंमत सुरू होते, कारण खाने पाडले की मालिका त्यांत बसायला तयार नसतात.

१५ ऑगस्ट १९९९ ला अल्फा मराठी सुरू झाली, पुढच्या वर्षी ई टीव्ही मराठी आली. २००५ साली अल्फाचं झी मराठी झालं, २००८ च्या नोव्हेंबरात स्टार प्रवाह आली, २०१५ साली ई टीव्हीचं कलर्स मराठी झालं, २०१८ मध्ये सोनी मराठीची भर पडली. म्हणजे मराठी घरातल्या रिमोटला दूरदर्शनपलीकडे मराठी काही सापडू लागल्याला पंचवीस वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत किती कथानकं आपल्या डोळ्यांसमोरून गेली असतील! त्यांतली बहुतेक आपण जेवताना बघितली आणि ताटाबरोबरच उचलून ठेवली. थोडी मात्र राहिली. राहिलेल्यांची यादी आणि टीआरपीच्या तक्त्यांची यादी शेजारी ठेवली तर दोन वेगळ्या राज्यांतल्या वाटाव्यात इतकी तफावत दिसते.

उदाहरण सगळ्यांच्या माहितीचं आहे. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि २०१३ च्या जानेवारीत संपली. सासूचे चार दिवस अकरा वर्षं चालले. भागांची संख्या तीन हजारांच्या वर गेली आणि रोहिणी हट्टंगडींची आशालता देशमुख घराघरांत पोचली. लोकप्रियतेबद्दल शंका घ्यायला जागाच नाही, लोकांनी बघितल्याशिवाय कुणी अकरा वर्षं दाखवत नाही. पण आवडत्या मालिकांचा विषय निघाला की हे नाव कुणी पहिल्या पाचांत घेताना मी ऐकलेलं नाही. याउलट ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ २०१२ च्या सुरुवातीला आली आणि ते वर्ष सरायच्या आत संपली. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी यांची राधा आणि घना ही जोडी, लग्नाचा खोटा करार आणि तो खरा होत जाणं, एवढंच कथानक. सतीश राजवाडे यांनी ते सांगितलं आणि थांबवलं. प्रेमकथेच्या खान्यात आजही पहिलं नाव हेच येतं.

माझं म्हणणं सरळ आहे. जिला वेळेवर संपता आलं, ती मालिका लोकांनी आवडती म्हणून जपली. बाकीच्या आपल्या सवयीच्या होत्या. सवय मोडली की सवयीची वस्तू आठवत नाही.

‘पाणी घालणं’ हा शब्दप्रयोग प्रेक्षकांनी या धंद्याला बहाल केला तो उगाच नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ आठवा. २०१३ मध्ये सुरुवात इतकी ताजी होती की जान्हवी आणि श्री यांच्या लग्नाची वाट लोकांनी घरच्या कार्यासारखी पाहिली. एका सुनेला सहा सासवा, आणि त्या सहाही प्रेमळ, ही कल्पनाच त्या वेळच्या सासूसुनेच्या रणधुमाळीत सुखाची होती. पण पुढे जान्हवीचं बाळंतपण इतकं लांबलं की व्हॉट्सअॅपवर त्याच्या विनोदांची वेगळी मालिका सुरू झाली. ही मालिका आवडती म्हणून सांगणारी माणसं आजही भेटतात, पण ती ‘पहिलं वर्ष हं’ अशी पुस्ती जोडतात. आंब्याच्या पेटीतला वरचाच थर चांगला निघाल्यावर जसं सांगावं, तसं.

कौटुंबिक खान्यात मात्र भांडण अटळ आहे. माझ्या पिढीचं मत ‘आभाळमाया’ला. विनय आपटे यांचं दिग्दर्शन, सुकन्या कुलकर्णींची सुधा जोशी आणि मनोज जोशींचा शरद. देवकी पंडितांच्या आवाजातलं, अशोक पत्कींनी चाल लावलेलं शीर्षकगीत लागलं की स्वयंपाकघरातला गॅस बारीक होत असे. नवऱ्याचं बाहेर प्रकरण आहे हे कळलेली, स्वतः प्राध्यापक असलेली बाई काय करते, हा प्रश्न त्या मालिकेने १९९९ मध्ये विचारला. गंमत अशी की पुढची वीस वर्षं मराठी वाहिन्या तोच प्रश्न विचारत राहिल्या. २०१६ साली ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली नागपूरची राधिका आली, तिने गुरुनाथला धडा शिकवताना मसाल्यांचा उद्योग उभा केला. २०१९ च्या डिसेंबरात ‘आई कुठे काय करते’मधली अरुंधती आली. ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेवरून घेतलेली ही गोष्ट हिंदीत ‘अनुपमा’ झाली आणि तिन्ही भाषांतल्या बायकांना आपली वाटली. सुधा, राधिका, अरुंधती या तिघींना एका खोलीत बसवलं तर सुधा सगळ्यात कमी बोलेल. म्हणूनच माझं मत तिला. पण अनिता दातेच्या राधिकेने वऱ्हाडी बोलीला रोज रात्री नायिकेच्या तोंडी बसवलं, हेही कबूल करायला हवं. पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत वाढलेल्या वाहिनीवर हे आधी फारसं झालेलं नव्हतं.

खरं तर २०१६ च्या आसपास लोकांनी स्वतःच नवे प्रकार पाडले होते. कुणी ‘रोमँटिक मालिका’, ‘ग्रामीण मालिका’ असं म्हणत नसे. कोल्हापूरची, साताऱ्याची, मालवणची असंच म्हणायचे. कोल्हापूरची म्हणजे ‘तुझ्यात जीव रंगला’, पैलवान राणा आणि त्याची पाठकबाई. साताऱ्याची म्हणजे ‘लागिरं झालं जी’, फौजेत जायला निघालेला अज्या आणि त्याची शीतली. आणि मालवणची म्हणजे अर्थातच ‘रात्रीस खेळ चाले’.

ही मालिका कोणत्या प्रकारात घालायची यावर मी तासभर वाद घालू शकतो. २०१६ साली आली ती भयमालिका म्हणून, रात्री साडेदहाला. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा वाडा, सुरुवातीलाच गेलेले अण्णा नाईक, वाड्यात वावरणारं काहीतरी. सुरुवातीला दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या, अंधश्रद्धा पसरवता म्हणून आणि मालवणी नीट नाही म्हणूनही. मग २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि त्याने काळ मागे नेला. ज्यांच्या मृत्यूने गोष्ट सुरू झाली होती ते अण्णाच आता जिवंत, समोर, मिशीला पीळ देत उभे. माधव अभ्यंकरांचे अण्णा, शकुंतला नरे यांची सोसणारी माई, अपूर्वा नेमळेकरची शेवंता. भुताची भीती बघता बघता मागे पडली आणि लोक एका लंपट, क्रूर, तरीही नजर न हटू देणाऱ्या माणसाचा संसार बघत बसले. भुताची मालिका म्हणून सुरू झालेली गोष्ट मराठी दूरचित्रवाणीवरचा सगळ्यात जिवंत खलपुरुष देऊन गेली. आणि विसरभोळा पांडू! तो साकारणारा प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकीही एक होता. पण भूतच मागे पडल्यामुळे भयाच्या खान्यात मी हिला ठेवत नाही. तिथे माझी निवड ‘असंभव’ (२००७). पुनर्जन्माचं कोडं, नीलम शिर्केची सुलेखा, आणि पुढच्या भागापर्यंत टिकणारी अस्वस्थता. ती बघताना मागचा दिवा चालू ठेवणारी माणसं मला माहीत आहेत.

मराठीत दुसरं पर्व जमून गेल्याचं ‘रात्रीस खेळ चाले’ हे जवळजवळ एकमेव उदाहरण. ‘अग्निहोत्र’ (२००८) घ्या. नाशिकचा वाडा, पांगलेलं कुटुंब, गणपतीच्या मूर्तींचं रहस्य, श्रीरंग गोडबोले यांचं लेखन आणि विक्रम गोखले, मोहन जोशी, विनय आपटे, मोहन आगाशे, इला भाटे, शरद पोंक्षे अशी नटांची फळी. हिला कौटुंबिक म्हणा किंवा रहस्यकथा म्हणा, दोन्हीकडे ती पहिल्या तिनांत येते. २०१९ च्या अखेरीला तिचा दुसरा भाग आला आणि लवकरच गुंडाळला गेला. ‘दिल दोस्ती दुनियादारी’चंही तेच. माजघर नावाच्या घरात राहणारी सहा मुलं, सासू नाही, मंगळसूत्र नाही, कट-कारस्थान नाही. २०१५ साली कॉलेजच्या मुलांना पहिल्यांदा वाटलं की ही मालिका आईची नाही, आपली आहे. वर्षभरात ती थांबली तेव्हा लोक हळहळले. तेच कलाकार घेऊन २०१७ मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली, पण जमलं नाही. हळहळ ही पुन्हा चालू करण्याची विनंती असते असा वाहिन्यांचा समज का होतो, कळत नाही.

ऐतिहासिक खान्यात दोन गट आहेत. एका गटाला अमोल कोल्हे यांच्यापलीकडे नाव सुचत नाही, आणि त्यात चूक काही नाही. २००८ च्या ‘राजा शिवछत्रपती’त महाराज आणि २०१७ च्या ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त शंभूराजे, असे बाप-लेक एकाच नटाने उभे केले. ही दुसरी मालिका चालू असतानाच २०१९ मध्ये ते शिरूरचे खासदार झाले. मी मात्र दुसऱ्या, छोट्या गटात आहे. तिथे तलवारी नाहीत, अक्षरं गिरवणारी मुलगी आहे. ‘उंच माझा झोका’ (२०१२) ही रमाबाई रानड्यांची गोष्ट. तेजश्री वालावलकरची लहान रमा आणि पुढे स्पृहा जोशीची मोठी रमा. पाटी हातात घेण्यासाठी घरातल्याच बायकांशी चालणारी ती शांत लढाई मला गडावरच्या लढायांपेक्षा जास्त थरारक वाटली.

विनोदाबद्दल थोडक्यात बोलणं अवघड आहे. दिलीप प्रभावळकर हे नाव इथे दोनदा येतं. सत्तरीच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हणून, बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊसोबत, आणि २००१ मध्ये ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा म्हणून. ‘अनुदिनी’ हे प्रभावळकरांचंच पुस्तक, त्यावरून केदार शिंदे यांनी ही मालिका केली. आठवड्यातून एकदा येई, म्हणून लेखनाला श्वास घ्यायला जागा होती. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. या घरात काहीच घडत नसे आणि ते बघायला आपण जागे राहत असू. तिच्याआधीची प्रतिमा कुलकर्णी यांची ‘प्रपंच’ही त्याच रक्ताची: समुद्राकाठचं घर, सुधीर जोशी, प्रेमा साखरदांडे, रसिका जोशी, संजय मोने, भरत जाधव. ‘प्रपंच’ विनोदी होती की गंभीर, हे मला आजही ठरवता येत नाही. दोघींतली एकच ठेवा म्हटलं तर मी ‘प्रपंच’ ठेवीन आणि घरातून विरोध होईल.

घरगुती विनोदाची जागा पुढे प्रहसनाने घेतली. ‘फू बाई फू’, मग २०१४ पासून जवळपास दहा वर्षं ‘चला हवा येऊ द्या’, आणि २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’. ती आता लोक मालिकेसारखी बघतच नाहीत, मोबाइलवर एकेक प्रहसन वेचून बघतात. वीस वर्षांच्या मुलाला आवडती मालिका विचारली तर तो समीर चौघुलेंचं एखादं प्रहसन सांगतो. त्याला मालिका म्हणावं का, हा प्रश्न त्याला पडत नाही.

संगीताच्या खान्यात वादच होत नाही. २००८-०९ चे ‘लिटिल चॅम्प्स’. आळंदीची कार्तिकी, पुण्याची आर्या, लातूरचा रोहित, आरवलीचा प्रथमेश, अलिबागची मुग्धा. त्या काळी मतं एसएमएसने जायची, आणि कार्तिकी जिंकली तेव्हा आर्याच्या बाजूची घरं आठवडाभर रुसलेली होती. मुग्धा आणि प्रथमेश यांचं २०२३ मध्ये लग्न झालं तर लोकांनी माहेरचं कार्य असल्यासारखे फोटो बघितले. आणि ‘होम मिनिस्टर’? त्याला मी गप्पांच्या खान्यात घालतो. २००४ पासून सूत्रसंचालक आदेश भावोजी बक्षिसाची पैठणी घेऊन इतक्या घरांत गेले, की पैठणीपेक्षा महाराष्ट्रातल्या बैठकीच्या खोल्यांचा तो दस्तऐवज मोलाचा आहे.

उरले दोन खाने, गुप्तहेर आणि मुलांचे. दोन्हीकडे वाहिन्यांचं मराठी कपाट जवळजवळ रिकामं. ‘एक शून्य शून्य’, रमेश भाटकरांची ‘हॅलो इन्स्पेक्टर’, कुलदीप पवारांची ‘परमवीर’, सगळी नावं दूरदर्शनची. ‘एक शून्य शून्य’मधले शिवाजी साटम १९९८ पासून वीस वर्षं ‘सीआयडी’त हिंदी बोलत राहिले आणि मराठी घरांनी त्यांनाच आपला पोलीस मानलं. मुलांचं तर त्याहून वाईट. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची, राजदत्त यांची ‘गोट्या’ ही दूरदर्शनचीच, तीत गोट्या झाला होता जॉय घाणेकर. नंतर लहान मुलं वाहिन्यांवर आली ती स्पर्धेत गायला-नाचायला, नाहीतर मालिकेतल्या मोठ्यांची भांडणं जिन्यावरून ऐकायला. त्यामुळे पंचवीस वर्षांची यादी करताना मी नियम मोडतो आणि या खान्यात ‘गोट्या’च लिहितो. ज्यांना हरकत असेल त्यांनी दुसरं नाव सांगावं.