खिडकी बुजवण्याआधी

आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीने विचारलंय, "ताई, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोब्बर दारासमोर येते. फेंगशुईत ते वाईट म्हणतात. बुजवून टाकू का?" थांब गं बाई! गवंड्याला बोलावण्याआधी हा नियम आला कुठून, ते ऐक.

चिनी भाषेत फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. घरादारात 'ची' नावाची प्राणशक्ती खेळते, जोराच्या वाऱ्याने ती पांगते, असं ही विद्या मानते. म्हणून दार आणि खिडकी समोरासमोर नको, आलेली ची सरळ निघून जाईल. पलंगाचं उसं खिडकीखाली नको. घराचं तोंड दक्षिणेला असलेलं बरं.

आता बीजिंगचा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. पाणी गोठतं. वायव्येकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो. तिथल्या जुन्या चौकाच्या घरांत मुख्य खोल्या उत्तरेच्या अंगाला, त्यांची दारंखिडक्या दक्षिणेला, चौकाकडे उघडणारी. गल्लीकडे जवळजवळ कोरी भिंत. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन थेट घरात येतं. काच सर्रास नव्हती तेव्हा खिडकीच्या लाकडी जाळीला कागद चिकटवत. अशा घरात दारातून खिडकीकडे वाऱ्याचा झोत सुरू झाला, तर शेगडीची ऊब टिकणार कशी? आणि उशाशी खिडकी असली, तर रात्रभर डोक्याला गारठा! ची मानो वा न मानो, तिथल्या घराला हे नियम शोभतात.

आपलं दुखणं निराळं. आपल्याला ऊब कोंडायची नाही, उकाडा आणि धूर बाहेर काढायचाय. त्यासाठी वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जायला हवा, म्हणजे समोरासमोरची दार-खिडकी सोयीचीच. ती बुजवली तर चुलीचा धूर, फोडणीचा खाट जाईल कुठे? स्वयंपाक करणारीच्या आणि तिच्या कडेवरच्या लेकराच्या छातीत. पावसाळ्यात भिंतींना ओल धरेल ती वेगळीच. घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर डॉक्टरही खिडक्या उघड्या ठेवायला सांगतात.

फेंगशुईतलं सगळंच टाकाऊ नाही हं. फुटकी काच बदला, खिडकीपुढे सामान रचू नका, तावदानं पुसा, हे कुठल्याही देशात खरं. काचेचे लोलक टांगायची हौस असेल तर खुशाल टांगा, दिसतात छान. पण खिडकी पश्चिमेची असेल, तर आधी वर छज्जा घाला. दुपारचं ऊन आणि पावसाची झड, दोन्ही तिकडूनच यायची.

आणि ज्या मैत्रिणीने विचारलंय तिने एवढं करावं. गॅस बंद असताना स्वयंपाकघराच्या मधोमध उदबत्ती लावावी. दार-खिडकी उघडी ठेवून धूर कुठे जातो ते बघावं, मग खिडकी लावून पुन्हा बघावं. नंतर घरातल्या बाकीच्यांनाही बोलावून दाखवावं, विशेषतः ज्यांना खिडकी बुजवायची घाई झालीय त्यांना.