कर्ज सुटतं, बोजा राहतो

दिवाळं हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो. अमुक एकाचं दिवाळं निघालं म्हटलं, की त्याची अब्रू गेली असंच आपण धरून चालतो. अमेरिकेत हा शब्द कोर्टकचेरीतला आहे. दिवाळखोरीबद्दल साऱ्या देशासाठी एकसारखा कायदा करण्याचा अधिकार तिथल्या संसदेला थेट राज्यघटनेनंच दिला आहे. सध्याचा मूळ कायदा १९७८ सालचा. २००५ साली त्यात दुरुस्त्या होऊन तो बराच कडक झाला. त्या दुरुस्तीनं एक अट घातली. अर्ज करण्यापूर्वीच्या १८० दिवसांत कर्जदारानं मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जसल्ला घेतलाच पाहिजे.

न्यू जर्सी राज्यात अशाच एका संस्थेत मी बरीच वर्षं सल्लागार होतो. समोर सगळ्या प्रकारची माणसं येऊन बसत. कुणाची नोकरी गेलेली, कुणाचं दुकान बुडालेलं, कुणी हॉस्पिटलच्या बिलानं खचलेलं. त्यांत आपली मराठी माणसंही असत. या कायद्याचा आसरा घ्यायला अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही, तिथं राहणाराही अर्ज करू शकतो, हे त्यांतल्या पुष्कळांना ठाऊकच नसे. आणि मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न घराबद्दलचा नव्हता. तो गाडीबद्दलचा होता. ‘दिवाळखोरी जाहीर केली, तर माझी गाडी राहील का?’

इथं बसून हा प्रश्न चैनीचा वाटेल. पण न्यूयॉर्कसारखी काही शहरं सोडली, तर अमेरिकेत गाडीवाचून कामावर जाता येत नाही, मुलांना डॉक्टरकडे नेता येत नाही, साधं दूध आणता येत नाही. गाडी गेली की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की पुन्हा उभं राहण्याचा रस्ताच बंद झाला.

उत्तर समजण्यासाठी आधी कायद्याचे दोन दरवाजे पाहू. सामान्य माणूस बहुधा प्रकरण सात किंवा प्रकरण तेराखाली अर्ज करतो. प्रकरण सातमध्ये कोर्टाच्या वतीनं एक विश्वस्त तुमची मालमत्ता पाहतो. कायद्यानं सूट दिलेल्या वस्तू तुमच्याकडे राहतात, बाकी काही असेल तर ते विकून सावकारांना वाटलं जातं, आणि साधारण चार महिन्यांत बहुतेक कर्जांतून मुक्तीचा हुकूम मिळतो. मुलांची पोटगी, अलीकडचे कर, बहुतांश शैक्षणिक कर्जं मात्र सुटत नाहीत. प्रकरण तेरामध्ये तीन ते पाच वर्षांची परतफेडीची योजना असते. दोन्हींत अर्ज दाखल होताच वसुली थांबते. फोन थांबतात, पगारातली कपात थांबते, गाडी ओढून नेणंही थांबतं.

पण हा थांबा कायमचा नसतो, आणि गोम इथंच आहे. आपल्याकडे शेतावर कर्ज काढलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो. गाडीवर काढलं की आरसी बुकावर बँकेचं नाव लागतं. तिथंही गाडीच्या मालकीपत्रावर कर्ज देणाऱ्याचं नाव असतं. दिवाळखोरीत तुमची पैसे फेडण्याची वैयक्तिक जबाबदारी संपते, पण गाडीवरचा बोजा संपत नाही. म्हणजे पुढं कंपनी तुमच्यावर पैशांसाठी दावा लावू शकत नाही, पण हप्ते थकले तर गाडी मात्र नेऊ शकते. कर्ज सुटतं, बोजा राहतो. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं, तर बाकीचा गुंता सुटू लागतो.

प्रकरण सातमध्ये अर्ज केल्यावर जास्तीत जास्त तीस दिवसांत गाडीचं काय करणार, हे लेखी कळवावं लागतं. त्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला, गाडी परत करायची. मग कर्ज कितीही उरलेलं असो, एक डॉलरही द्यावा लागत नाही. दुसरा, गाडीची आज जी किंमत आहे ती एकरकमी भरून ती सोडवून घ्यायची. चौदा हजारांचं कर्ज आणि नऊ हजारांची गाडी असेल, तर नऊ हजारांत बोजा उतरतो. पण दिवाळखोर माणसाकडे रोख नऊ हजार कुठून असणार! तिसरा मार्ग म्हणजे कर्जाची पुन्हा कबुली. ‘हे एवढं कर्ज दिवाळखोरीतून वगळा, मी ते फेडीन’ असा नवा करार कंपनीशी करायचा आणि तो मुक्तीच्या हुकुमाआधी झाला पाहिजे. बहुतेक लोक गाडीच्या धास्तीनं याच कागदावर सही करायला धावतात.

माझ्याकडे आलेली एक मराठी मुलगी आठवते. ती एका नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करायची. नवऱ्याच्या आजारपणात सगळं गेलेलं. गाडीवर कर्ज चौदा हजार, गाडीची किंमत नऊ, हप्ता दरमहा ३९० डॉलर. ती म्हणाली, ‘काका, सही करून टाकते. गाडी राहील आणि माझं क्रेडिटही सुधारेल.’ मी तिला म्हटलं, ‘सहीचं तुझ्या वकिलाला विचार. मी तुला फक्त जमाखर्च मांडून देतो.’ जमाखर्च मांडला, तर हप्ता दिल्यावर महिन्याच्या शेवटी शिल्लक उण्यात जात होती.

कायदा इथं माणसाला स्वतःच्या घाईपासून वाचवतो. उत्पन्नातून खर्च वजा जाता हप्त्याइतकं उरत नसेल, तर असा करार कर्जदाराला जाचक आहे असंच गृहीत धरलं जातं. वकिलाला लिहून द्यावं लागतं की हा करार माझ्या अशिलाला झेपेल. तिच्या वकिलानं तसं लिहून द्यायला नकार दिला. प्रकरण न्यायाधीशांपुढे गेलं आणि त्यांनी करार नामंजूर केला. ती बिचारी रडत घरी गेली. तिला वाटलं, आता गाडी गेलीच.

गाडी गेली नाही. कर्जदारानं मुदतीत सही करून आपलं काम केलं आणि कोर्टानंच करार नाकारला, तर केवळ दिवाळखोरीचं कारण दाखवून कंपनीला गाडी नेता येत नाही, असं तिथल्या अनेक न्यायालयांनी ठरवलं आहे. ती हप्ते वेळेवर भरत राहिली, गाडी दारात राहिली. दोन वर्षांनी गिअरबॉक्स गेला. दुरुस्तीचा खर्च परवडणारा नव्हता आणि कर्ज अजून सात हजारांच्या वर होतं. तिनं चाव्या कंपनीला देऊन टाकल्या आणि एक पैसाही देणं लागली नाही. तीच सही मंजूर झाली असती, तर बंद गाडीचा लिलाव होऊन उरलेली सारी रक्कम तिच्या पगारातून वसूल झाली असती, आणि प्रकरण सातची मुक्ती पुन्हा मिळायला पहिल्या अर्जापासून आठ वर्षं जावी लागतात.

याचा अर्थ कबुलीचा करार नेहमी वाईट, असं नाही. कर्ज गाडीच्या किमतीहून कमी असेल, व्याज माफक असेल, हप्ता सहज झेपत असेल, तर तो जरूर करावा. सहीपूर्वी व्याज किंवा मुद्दल कमी करण्याची मागणी करावी, कधी कधी कंपन्या ऐकतात. सही केल्यावरही करार कोर्टात दाखल झाल्यापासून साठ दिवस, किंवा मुक्तीचा हुकूम निघेपर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर माघार घेता येते. हप्ते आधीच थकलेले असतील, तर प्रकरण तेरा बरं. थकबाकी योजनेत पसरते. आणि गाडी अर्जाच्या ९१० दिवसांपूर्वी घेतलेली असेल, तर गाडीच्या किमतीपुरतंच कर्ज तारणाचं धरता येतं.

आता क्रेडिटचं. आपल्याकडे सिबिलचा आकडा ३०० ते ९०० असतो, तिथला फायको ३०० ते ८५०. प्रकरण सातची नोंद अर्जापासून दहा वर्षं राहते. पण नोंद दहा वर्षं राहते म्हणून आकडाही दहा वर्षं खालीच राहतो, असं नाही. फायकोत ३५ टक्के वजन वेळेवर केलेल्या फेडीला आहे आणि ३० टक्के देणं किती आहे याला. करार न करता भरलेले गाडीचे हप्ते कंपन्या बहुधा नोंदवत नाहीत, हे खरं. म्हणून बँकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात, पुढच्या कर्जाला त्या दाखवता येतात. आकडा वाढवायला मात्र दुसरी, स्वस्त वाट आहे. दोन-तीनशे डॉलर अनामत ठेवून मिळणारं कार्ड घ्यावं, त्यावर महिन्याला एखादं पेट्रोलचं बिल टाकावं आणि ते वेळेत पूर्ण फेडावं. त्या मुलीनं हेच केलं. आकडा वाढवण्यासाठी चौदा हजारांचं ओझं उचलायची गरज नसते.

मुक्तीनंतर एक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही संस्थांचे अहवाल मागवावेत. आठवड्यातून एकदा ते फुकट मिळतात. सुटलेल्या कर्जापुढे शिल्लक शून्य दिसली पाहिजे. तशी नसेल तर लेखी हरकत घ्यावी. ‘तुमची नोंद पुसून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि काम करण्याआधी पैसे घ्यायला त्यांना १९९६ च्या कायद्यानं बंदी आहे.

ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांना दोन गोष्टी सांगतो. अर्जाआधी गाडी मेव्हण्याच्या नावावर करण्याचा सल्ला मुलाला देऊ नका. मागच्या दोन वर्षांतले असे व्यवहार विश्वस्त उलटवू शकतो. आणि कुणी नातेवाईक कर्जाला जामीन असेल, तर मुलगा सुटला तरी जामीन सुटत नाही, हे त्या नातेवाइकाला आधीच सांगा. बाकी, मुलानं फोनवर दिवाळखोरीचा शब्द काढला तर अब्रूची चर्चा नंतर करा. आधी विचारा, ‘वकिलाला भेटलास का? आणि गाडीच्या कागदावर अजून सही केली नाहीस ना?’