मोबाईलला रेंज फुल्ल, मग बँकेत 'लिंक नाही' कशी?

निराधारची पेन्शन असो की पीक विम्याचे पैसे, काउंटरवरून कधी ना कधी ऐकावं लागतंच, 'आज लिंक नाही.' खिशातल्या मोबाईलवर तर व्हिडिओ झकास चालतो. मजुरी बुडवून आलेल्या माणसाचं डोकं तापणारच.

भानगड अशी आहे. शाखेतले सगळे कॉम्प्युटर वायरीने एका स्विचला आणि स्विच राउटरला जोडलेला असतो. राउटरच्या पुढे मात्र बँका आपल्यासारख्या साध्या नेटवर सहसा विसंबत नाहीत. टेलिकॉम कंपनीकडून स्वतःपुरती लाईन भाड्याने घेतात, तिला लीज्ड लाईन म्हणतात. ती बँकेच्या डेटा सेंटरला जाते. तुमच्या खात्याचा हिशेब तिथं असतो, शाखेत नाही. लाईन वेगळी ठेवल्याने बाहेरच्याला आत शिरणं अवघड जातं.

ही लाईन बऱ्याचदा रस्त्याकडेने पुरलेली फायबर केबल असते. आत केसासारखे काचेचे तंतू, त्यातून उजेड धावतो. रस्त्याच्या किंवा पाणी योजनेच्या कामावरच्या जेसीबीचा एक घाव बसला की लिंक गेली! पीळ मारून टेप गुंडाळायची ही वायर नव्हे. एकेक तंतू मशीनवर वितळवून जोडावा लागतो. म्हणून 'आत्ता येईल' म्हणता म्हणता दिवस मावळतो.

काही शाखांच्या गच्चीवर मोठी थाळी दिसते. ती टीव्हीची नव्हे, व्हीसॅटची. सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहामार्फत काम चालतं, त्यामुळे विचारलेल्याचं उत्तर यायला साधारण अर्धा सेकंद जातो. मुसळधार पावसात तीही अडखळते. काही ठिकाणी राउटरमध्ये सिमकार्ड टाकून भागवतात.

दूध संस्था, पतसंस्था, सेवा केंद्र चालवणारे दोन कंपन्यांची कनेक्शनं घेऊन निर्धास्त होतात. खरी गोम इथंच आहे. दोन्ही केबल एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून आल्या असतील, तर बिलं दोन आणि भरवसा एकाचाच. पैसे भरण्याआधी 'केबल कुठल्या रस्त्याने येणार?' एवढं विचाराच.

फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल, तर डब्यापर्यंत उजेड पोचत नाहीये. अशा वेळी बंद-चालू करून सहसा काही होत नाही, सरळ तक्रार नोंदवा. सगळेच दिवे विझले असतील तर आधी वीज बघा.

आणि ग्राहकांनो, 'लिंक नाही' म्हटलं की लगेच घरी फिरू नका. 'फक्त इथलीच गेली, की सगळीकडे बंद आहे?' असं विचारा. इथलीच गेली असेल तर खातं चालू असतं. जवळच्या दुसऱ्या शाखेत, एटीएमवर किंवा बँक मित्राकडे आधारच्या अंगठ्यावर पैसे निघू शकतात. मुख्य सर्व्हरच बंद असेल, तर मात्र दुसऱ्या शाखेत जाऊन एसटीचं भाडं वाया घालवू नका.