विमानतळ हाक मारत नाही

अकोल्याच्या किंवा बडनेऱ्याच्या फलाटावर बसलेल्या प्रवाशाला एक मोठा आधार असतो. गाडी कुठवर आली, किती उशिराने धावते आहे, कोणत्या फलाटावर लागणार, हे सगळे स्पीकरवरून मराठी, हिंदी आणि इंग्रजीत पुन्हा पुन्हा सांगितले जाते. डोळा लागला तरी कान जागे असतात. रमजानमध्ये तर आमचे सारे वेळापत्रकच कानावर चालते. पहाटे सहरीसाठी उठवणाऱ्यांची हाक, संध्याकाळी इफ्तारची वेळ सांगणारा सायरन, पाठोपाठ मगरिबची अजान. हाक आली की उठायचे, ही अंगवळणी पडलेली सवय.

आंतरराष्ट्रीय विमानतळावर नेमकी हीच सवय अंगाशी येते. काही वर्षांपूर्वी रमजानमध्येच अम्मी आणि खाला यांना घेऊन मी उमऱ्याला निघालो होतो. हजचे दिवस ठरलेले असतात. उमरा म्हणजे वर्षभरात केव्हाही करता येणारी मक्केची छोटी यात्रा. विमानतळाचे नाव घेत नाही, कारण चूक आमचीच होती. सगळी तपासणी आटोपून दोघींना गेटसमोर बसवले. "अनाउन्समेंट झाली की उठायचं, तोवर मी आलोच," असे सांगून पाण्याच्या बाटल्या भरायला गेलो. वाटेत ओळखीचे एक सहकारी भेटले, बोलत उभा राहिलो. तेवढ्यात आमच्या विमानाचे गेट बदलले. पडद्यावर नवा आकडा आला, पण स्पीकर काही बोलला नाही. इंग्रजी न वाचता येणाऱ्या दोघी बहिणी हाकेची वाट पाहत तशाच बसून राहिल्या.

शेजारच्या खुर्चीवर दुबईला नोकरीसाठी निघालेला एक तरुण होता. अम्मीच्या हातातल्या बोर्डिंग पासकडे त्याचे लक्ष गेले. "मावशी, तुमचं इमान तर तिकडून हाय. इथं काहून बसल्या?" तो परतवाड्याचा होता. वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत विमानाला 'इमान' म्हणतात. उर्दूत ईमान म्हणजे श्रद्धा. अम्मी गोंधळून म्हणाल्या, "बेटा, माझं ईमान तर जागेवरच आहे!" मग पोराने पडदा दाखवला, मला शोधून आणले आणि खालांची पिशवी उचलून नव्या गेटापर्यंत सोबत चालला. आम्ही पोहोचलो तेव्हा शेवटचे चार-पाच प्रवासी उरले होते.

त्या दिवसापासून मोहल्ल्यात कुणी परदेशी निघाले की मी त्यांच्यासोबत तासभर बसतो. उमऱ्याला जाणाऱ्या खाला असोत, नोकरीसाठी आखातात निघालेला पोरगा असो, की लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला चाललेल्या शेजारच्या काकू. विमानतळ सगळ्यांना सारखाच लागतो. तेच इथे सांगतो.

तारीख आणि टर्मिनल

सर्वात महाग पडणारी चूक घरीच होते, ती तारखेची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, आमची हिजरी तारीख मगरिबला बदलते, पण तिकिटावरची तारीख मध्यरात्री बारा वाजता बदलते. १२ तारखेला ००.४० चे विमान असेल, तर ११ तारखेच्या रात्री आठ-नऊ वाजताच विमानतळावर पोहोचायचे असते. १२ च्या रात्री पोहोचणाऱ्याचे विमान आदल्या रात्रीच गेलेले असते. परदेश प्रवासासाठी किमान तीन तास आधी पोहोचावे. वयस्कर सोबत असतील तर चार.

आपल्याकडून बहुतेकांची वाट मुंबईवरूनच जाते. रात्रीची रेल्वे आहेच. १६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी विमानसेवाही सुरू झाली. ती रोज आहे असे गृहीत न धरता वार पाहून घ्यावा. अकोल्याचे शिवणी विमानतळ मात्र अजून धावपट्टी वाढण्याची वाट पाहते आहे. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनले आहेत: टी-१ सांताक्रूझच्या बाजूला, टी-२ सहारला. परदेशी विमाने टी-२ वरून सुटतात. दोन्हींत चालत जाण्याजोगे अंतर नाही, म्हणून रिक्षा-टॅक्सीवाल्याला नुसते 'एअरपोर्ट' न म्हणता टर्मिनलचा आकडा सांगावा. मेट्रो-३ चे स्थानक आता टी-२ जवळच आहे, पण मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसे असतील तर ठाणे किंवा दादरला उतरून टॅक्सी केलेली बरी.

बॅगेत काय, हातात काय

शीरखुर्म्यासाठी खोबऱ्याची वाटी आणि अनारशासाठी खसखस, दोन्ही आपल्या स्वयंपाकघरातल्या निरुपद्रवी वस्तू. विमानात दोन्ही अडचणीच्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते पेट घेऊ शकते, म्हणून ते नेऊ देत नाहीत. खसखशीचे तर त्याहून गंभीर. ती अफूच्या बोंडातून येते, त्यामुळे सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे. आईने प्रेमाने बांधून दिलेल्या पुडीसाठी मुलाला तिकडच्या पोलिसांसमोर उभे राहावे लागू शकते. गुटखाही नकोच.

हातातल्या बॅगेत पाणी, तेल, अत्तर, सरबत यांची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. लोणचे, तिखट, अडकित्ता, कात्री, सुरी हे सामानाच्या बॅगेत टाकावे. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या बॅगेतच हवी. औषधे हातात ठेवावीत, मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. उमऱ्याला जाणाऱ्यांनी मेंदूज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

उमऱ्याच्या गटातल्या सगळ्यांना एजंट एकाच रंगाच्या बॅगा देतो. उतरल्यावर पट्ट्यावरून पन्नास सारख्या बॅगा फिरत येतात. आपल्या बॅगेला घरचा रंगीत रुमाल बांधावा.

पाच टप्पे

विमानतळ कितीही मोठा असला तरी ओलांडायचे टप्पे पाचच. पहिला प्रवेशद्वाराचा. तिथे सुरक्षा दलाचा जवान तिकीट आणि पासपोर्ट पाहतो. दुसरा विमान कंपनीच्या काउंटरचा. इथे मोठ्या बॅगा जातात आणि बोर्डिंग पास मिळतो. त्यासोबत बॅगेची छोटी पावती चिकटवून देतात. बॅग हरवली तर तीच कामी येते. हा काउंटर विमान सुटण्याच्या साधारण तासभर आधी बंद होतो आणि मग विनवणीचा उपयोग नसतो.

तिसरा टप्पा इमिग्रेशनचा. कुठे चाललात, कशासाठी, किती दिवस, एवढेच बहुधा विचारतात. खरे आणि थोडक्यात सांगावे. हिंदीत सांगितले तरी चालते. आखातात कामाला जाणाऱ्यांनी मात्र इथे सावध असावे. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टला 'ईसीआर' लागू असतो, आणि अशांना आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याआधी सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेतून परवानगी घ्यावी लागते. "आता पर्यटक व्हिसावर जा, कामाचं तिथं पाहू," असे सांगणारा एजंट पैसे घेऊन मोकळा होतो. अडकतो तो पोरगा, इथल्या काउंटरवर किंवा तिथल्या मालकाच्या दारात.

चौथा टप्पा सुरक्षा तपासणीचा. मोबाइल, लॅपटॉप, पट्टा, खिशातली नाणी ट्रेमध्ये ठेवायची. महिलांची तपासणी आडोशाला महिला कर्मचारीच करतात, त्यामुळे बुरख्यातल्या बहिणींनी संकोचू नये. चेहरा दाखवायचा असेल तर महिला कर्मचाऱ्यासमोर दाखवण्याची विनंती करता येते. इहराम नेसलेल्या पुरुषांनी कमरेचा खिशांचा पट्टा काढून ठेवण्याची तयारी ठेवावी.

पाचवा टप्पा गेटचा. बोर्डिंग पासवर तीन गोष्टींभोवती पेनाने गोल करा: गेट क्रमांक, आसन क्रमांक आणि बोर्डिंगची वेळ. आसनाच्या आकड्याला गेट समजून भलतीकडे जाणारे बरेच असतात. बोर्डिंगची वेळ म्हणजे विमान सुटण्याची वेळ नव्हे. सुटण्याच्या वीस-पंचवीस मिनिटे आधी गेट बंद होते.

आणि मुख्य गोष्ट. मुंबईचा विमानतळ 'सायलेंट' आहे, म्हणजे प्रत्येक विमानासाठी स्पीकरवरून पुकारा होत नाही. जगातले अनेक मोठे विमानतळ असेच. कानांना विश्रांती मिळावी हा हेतू चांगलाच, पण आता कानांचे काम डोळ्यांना करावे लागते. पडद्यावर आपल्या विमानाचा क्रमांक शोधून दर पंधरा मिनिटांनी पाहावा. वाचता येत नसेल तर शेजाऱ्याला पास दाखवून विचारावे. गुडघे दुखणाऱ्यांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवावी. ढकलणारा मदतनीस रस्ताही दाखवतो. ती मागण्यात कमीपणा कसला?

रोजा आणि मावळतीचा सूर्य

कुराणाने प्रवाशाला आणि आजाऱ्याला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा दिली आहे. तरीही अनेक जण प्रवासात रोजा सोडत नाहीत. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की जेद्दाहचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. दुपारी मुंबईहून निघालेले विमान सूर्याच्या मागेमागे पश्चिमेला जाते, त्यामुळे रोजा बराच लांबतो. इफ्तार अमरावतीच्या किंवा मुंबईच्या वेळेने नव्हे, तर आपण जिथे आहोत तिथला सूर्य मावळल्यावर. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही परीक्षा देऊ नये. चार खजुरा मात्र सगळ्यांनीच हातात ठेवाव्यात. त्या अडवल्या जात नाहीत, आणि शेजारच्या प्रवाशाशी ओळख करून घ्यायला त्यांच्यासारखे साधन नाही.

इहरामची सीमा, मीकात, विमानातच ओलांडली जाते. म्हणून दोन पांढऱ्या चादरी सामानाच्या बॅगेत टाकण्याची चूक करू नये. त्या अंगावर किंवा हातात हव्यात.

जेद्दाहला उतरल्यावर

जेद्दाहच्या किंग अब्दुलअझीझ विमानतळावरही एकाहून अधिक टर्मिनले आहेत. त्यातल्या हज टर्मिनलचे तंबूंसारखे पांढरे छत जगप्रसिद्ध आहे. १९८१ मध्ये खुल्या झालेल्या त्या इमारतीच्या रचनेत ढाक्यात जन्मलेले अभियंते फजलुर रहमान खान यांचा मोठा वाटा होता. इमिग्रेशनला बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. गटाची बस नसेल तर २०१८ मध्ये सुरू झालेली हरमैन रेल्वे टर्मिनल-१ पासून मक्का आणि मदिना, दोन्हीकडे जाते. हॉटेलचे नाव-पत्ता अरबीत लिहिलेला कागद आणि गटप्रमुखाचा नंबर प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळा असावा. नवऱ्याच्या खिशात दोघांचेही कागद असतात, आणि गर्दीत हरवते बायको! अडचण मोठी असेल तर जेद्दाहमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे. परतताना जमजमचे पाणी सुटकेसमध्ये भरू नये. विमानतळावर त्याचे पाच लिटरचे बंद खोके वेगळे मिळते.

आमच्या आजोबांच्या पिढीतले हाजी वऱ्हाडातून रेल्वेने मुंबईला जात, मुसाफिरखान्यात मुक्काम करत आणि मग जहाजात चढत. १९९५ नंतर ती जहाजे बंद झाली. मुसाफिरखान्यात अनोळखी माणसे एकमेकांची होत, कारण हातात बरेच दिवस असत. ज्याला वाचता येई तो इतरांची कागदपत्रे वाचून देई. विमानतळावर तेवढा वेळ नसतो, तीन-चार तासच असतात. पण बाजूच्या माणसाच्या हातातला पास वाचायला अर्धे मिनिटही पुरते.

अम्मींना त्या परतवाड्याच्या पोराचे नाव विचारायचे सुचले नाही. मक्केत पोहोचल्यावर घरच्या सगळ्यांची नावे घेऊन दुआ मागून झाली, तेव्हा त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "आणि तो इमानवाला पोरगा." गेल्या काही रमजानांत, इफ्तारच्या आधीच्या दुआत, तो आमच्या घरी रोज असतो.