पाना हाती घेणारे पद्मिनीवाले

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली प्रीमियर पद्मिनी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. हौशी मालकांनी मात्र तिला जिवापाड जपलंय. १०८९ सीसीचं इंजिन, कार्बोरेटर, संगणकाचा पत्ता नाही. म्हणूनच बरीच कामं घरच्या घरी होतात.

नवी मुंबईत खाडीची खारी हवा पत्र्याला गंज चढवते. बॅटरीचं दुखणं वेगळं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी साचते आणि स्टार्टर कुरकुरतो.

इंजिन बंद करून, हातमोजे-चष्मा घालून आधी ऋण टोक सोडवायचं, म्हणजे धन टोक सोडवताना पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मरतं. ब्रशने घासा, कोरडं करा, जोडताना ऋण टोक शेवटी, वरून व्हॅसलीन.

ब्रेकचं काम मात्र जाणत्या मेकॅनिककडेच द्या.