आकड्यांचे चित्र

ठाणे शहराच्या पश्चिमेस येऊरचे डोंगर आहेत. डोंगरांच्या पायथ्याशी उपवन तलाव आहे आणि तलावापासून थोड्याच अंतरावर वर्तकनगर ही वसाहत आहे. मृगाचा पाऊस सुरू झाला की डोंगर हिरवे होतात, ओहळ वाहू लागतात आणि शाळेच्या वाटेवर मुलांना बोलण्यास एकच विषय मिळतो. "काल केवढा पाऊस पडला!" असे एक म्हणतो. "छे! मंगळवारी याहून जास्त होता. माझी छत्रीसुद्धा उलटली होती," असे दुसरा म्हणतो. शाळा येईपर्यंत वाद चालतो. परंतु निर्णय लागत नाही. कारण दोघांपाशीही केवळ आठवण आहे, मोजमाप नाही. छत्री वाऱ्याने उलटते. पाऊस किती पडला, हे ती सांगू शकत नाही.

हा वाद मिटवायचा असेल, तर पाऊस मोजला पाहिजे. ते काम अवघड नाही. सपाट तळाची आणि सरळ उभ्या भिंतींची एक काचेची बरणी घ्यावी. झाडे व छपरे यांपासून दूर, मोकळ्या जागी ती ठेवावी. रोज सकाळी ठरलेल्या वेळी तिच्यातील पाण्याची उंची मोजपट्टीने मोजावी, ती मिलिमीटरमध्ये वहीत लिहावी आणि बरणी रिकामी करून पुन्हा जागेवर ठेवावी. भारतीय हवामान खात्याचा पाऊस मोजण्याचा दिवस सकाळी साडेआठ वाजता पुरा होतो. आपणही तीच वेळ पाळली तर उत्तम. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा जमिनीवर पडलेले एक लिटर पाणी, हेही येथे ध्यानात ठेवावे.

समजा, एका मुलीने जुलै महिन्यात आठवडाभर असे मोजमाप केले आणि तिच्या वहीत पुढील नोंदी झाल्या: सोमवार १२ मिलिमीटर, मंगळवार ३०, बुधवार ४८, गुरुवार ५, शुक्रवार ०, शनिवार ६४ आणि रविवार २२. या सात दिवसांची बेरीज १८१ होते. तिला सातांनी भागले, तर रोजची सरासरी सुमारे २६ मिलिमीटर येते. हिशेब बिनचूक आहे. पण ज्या दिवशी २६ मिलिमीटर पाऊस पडला, असा एकही दिवस त्या आठवड्यात नाही! शुक्रवार कोरडा गेला आणि शनिवारी पावसाने झोडपून काढले. सरासरीने या दोन्ही गोष्टी आपल्या पोटात झाकून ठेवल्या.

आता त्या मुलीने चौकटींचा कागद घेतला. तळाशी एक आडवी रेघ ओढून तिच्यावर सात वार सारख्या अंतराने लिहिले. डाव्या बाजूस एक उभी रेघ ओढली. या दोन रेघांना 'अक्ष' म्हणतात. एक सेंटिमीटर उंची म्हणजे दहा मिलिमीटर पाऊस, असे 'प्रमाण' तिने ठरविले आणि ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवले. मग प्रत्येक वारावर तेवढ्या उंचीचा एकेक खांब उभा केला. सोमवारचा खांब १.२ सेंटिमीटरचा, बुधवारचा ४.८ सेंटिमीटरचा आणि शनिवारचा ६.४ सेंटिमीटरचा झाला. शुक्रवारची जागा रिकामी राहिली. झाला 'स्तंभालेख' तयार! आता कोणता दिवस सर्वांत ओला आणि कोणता कोरडा, हे पाहणाऱ्याला एका दृष्टिक्षेपात कळते. वाद घालण्याचे कारण उरत नाही.

आकड्यांच्या अशा चित्राचे मोल कळण्यासाठी एका खऱ्या दिवसाकडे वळू. २६ जुलै २००५ रोजी मुंबई व ठाणे परिसरावर पावसाने कहर केला. रस्ते नद्यांसारखे वाहू लागले, रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि त्या आपत्तीत शेकडो लोकांचे प्राण गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. परंतु त्याच वेळात, तेथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर असलेल्या कुलाबा येथे केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला होता! आता आपल्याच प्रमाणाने या दोन ठिकाणांचे खांब काढून पाहा. कुलाब्याचा खांब ७.३ सेंटिमीटरचा होईल. पण सांताक्रूझचा खांब ९४ सेंटिमीटरांहून उंच होईल. तो वहीच्या पानात मावणार नाही, टेबलावरही मावणार नाही. त्याच्यासाठी भिंतीला कागद चिकटवावा लागेल. '९४४' हा आकडा वाचताना जे जाणवत नाही, ते तो खांब काढताना आपल्या हाताला जाणवते. एकाच शहरात एकाच दिवशी केवढा फरक पडू शकतो आणि पाऊस एकाच ठिकाणी मोजून का भागत नाही, हेही त्यावरून समजते.

आकड्यांचे चित्र काढण्याची ही कल्पना मानाने तशी अलीकडची आहे. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या विल्यम प्लेफेअर या गृहस्थाने इ. स. १७८६ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निरनिराळ्या देशांशी चाललेल्या व्यापाराचे आकडे त्याने त्यात रेषांनी दाखविले आणि स्कॉटलंडची आयात-निर्यात खांबांनी दाखविली. पुढे इ. स. १८०१ मध्ये त्याने वर्तुळाचे भाग पाडून 'वृत्तालेख'ही काढला. आपल्या दिवसाचे चोवीस तास आपण कसे घालवतो, हे दाखविण्यास वृत्तालेख सोयीचा असतो. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश असतात; म्हणून एका तासाच्या वाट्याला १५ अंश येतात. आठ तास झोपणाऱ्याची झोप वर्तुळाचा बरोबर तिसरा हिस्सा व्यापते.

जेथे एखादी गोष्ट वेळेबरोबर सारखी बदलत असते, तेथे खांबांपेक्षा रेषा अधिक उपयोगी पडते. याचे उत्तम उदाहरण ठाणेकरांच्या दाराशीच आहे. भारतातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून ठाण्यास आली. तेव्हा मार्गावर गाडी एकच होती. आज ठाणे स्थानकातून दिवसभरात शेकडो गाड्या ये-जा करतात. त्या एकमेकींच्या वाटेत येऊ नयेत, याची काळजी रेल्वेच्या नियंत्रण कक्षातील माणसे घेतात आणि त्या कामी त्यांना आलेखाचे साहाय्य होते. या आलेखात आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर स्थानके असतात. तळाशी ठाणे मांडावे. मग वर कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली आणि माथ्यावर कल्याण. प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ असते. गाडी जलद असेल तर तिची रेघ उभट चढते, सावकाश जाणारी असेल तर ती कललेली असते आणि गाडी थांबली की रेघ आडवी होते. एकाच रुळावरून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या रेघा जर कोठे एकमेकींना छेदू लागल्या, तर तेथे धोका आहे हे तत्काळ कळते. मग एका गाडीला थांबवून ठेवावे लागते किंवा दुसऱ्या रुळावर घ्यावे लागते. पूर्वी हे आलेख पट्टी-पेन्सिलीने कागदावर काढीत. आता हे काम संगणक करतो. साधन बदलले, परंतु आलेख वाचणारे जागरूक डोळे आजही तितकेच आवश्यक आहेत.

खांब आणि रेषा यांप्रमाणे नकाशाही आकड्यांचे चित्र होऊ शकतो. इ. स. १८५४ मध्ये लंडन शहराच्या सोहो भागात पटकीची भयंकर साथ आली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. दूषित हवेमुळे पटकी होते, अशी त्या काळी बहुतेक डॉक्टरांची समजूत होती. जॉन स्नो या डॉक्टरांस मात्र पाण्याचा संशय होता. ते त्या वस्तीत घरोघर फिरले आणि मृत माणसे कोठले पाणी पीत होती, याची त्यांनी चौकशी केली. ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावरील पंपाभोवतीच मृत्यू दाटले आहेत, असे त्यांना आढळून आले. जवळच पाचशेहून अधिक निराधार लोक राहत असलेली एक संस्था होती. तेथे मात्र केवळ पाच जण दगावले होते. त्या संस्थेची स्वतःची विहीर होती! स्नो यांच्या सांगण्यावरून ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. तोपर्यंत साथ ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. पुढे त्यांनी त्या वस्तीचा नकाशा तयार केला आणि प्रत्येक मृत्यूसाठी त्या-त्या घरापाशी एक काळी रेघ मारली. लोकांना जे शब्दांनी पटत नव्हते, ते त्या काळ्या रेघांनी डोळ्यांपुढे उभे केले. त्यांतील प्रत्येक रेघ म्हणजे एक माणूस होता, हे आपण विसरता कामा नये.

जे साधन सत्य इतक्या प्रभावीपणे दाखविते, तेच वापरणाऱ्याच्या हातून असत्यही दाखवू शकते. ठाणे शहराचीच लोकसंख्या पाहा. जनगणनेनुसार ती १९९१ साली सुमारे ८ लाख, २००१ साली सुमारे १२ लाख ६० हजार आणि २०११ साली सुमारे १८ लाख ४० हजार होती. दोन लाखांस एक सेंटिमीटर या प्रमाणाने खांब काढले, तर ते अनुक्रमे ४, ६.३ व ९.२ सेंटिमीटरांचे होतात. शेवटचा खांब पहिल्याच्या सुमारे सव्वादोन पट दिसतो आणि तेच खरे आहे. आता कोणी तळाच्या रेघेपाशी शून्याऐवजी ७ लाख हा आकडा लिहिला आणि एक लाखास एक सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर काय होईल? पहिला खांब १ सेंटिमीटरचा, दुसरा ५.६ सेंटिमीटरचा आणि तिसरा ११.४ सेंटिमीटरचा होईल. वीस वर्षांत शहर अकरा पटींहून अधिक वाढले, असे पाहणाऱ्याला वाटेल! येथे एकही आकडा खोटा नाही. तरीही चित्र फसवे आहे. म्हणून स्तंभालेख काढताना खांब शून्यापासूनच उभे करावेत. आणि दुसऱ्याने काढलेला आलेख पाहताना खांबांकडे पाहण्याआधी अक्षावरील आकडे वाचावेत.

आज संगणकावर आलेख काढणे फार सोपे झाले आहे. एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क यांच्या कोष्टकात आकडे भरून दोन-चार वेळा कळ दाबली की रंगीत आलेख पुढे उभा राहतो. पण संगणकास आपला हेतू कळत नाही. अक्ष कोठून सुरू करावा, हे तो कधी कधी आपल्याच मताने ठरवितो. वर्तुळ शोभेल की रेषा, याचाही विवेक त्याला नसतो. म्हणून पहिले काही आलेख हाताने, चौकटींच्या कागदावर काढावेत. प्रमाण ठरविण्याचे कष्ट ज्याने स्वतः घेतले आहेत, त्याला संगणकाची चूक चटकन दिसते. आलेखाला नाव द्यावे, अक्षांवर काय मोजले आहे ते लिहावे आणि आकडे कोठून मिळाले तेही सांगावे. नुसते रंग भरल्याने आलेख चांगला होत नाही.

आता पाऊस मोजणाऱ्या त्या मुलीकडे परत जाऊ. समजा, पुढील आठवड्यात ती एके दिवशी गावी गेली आणि त्या दिवशीचे मोजमाप राहून गेले. त्या जागी तिने काय लिहावे? 'शून्य' लिहिले तर पाऊस पडलाच नाही असे होईल. अंदाजाने वीस किंवा तीस लिहिले, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ती नोंद खोटी होईल. तिने ती जागा मोकळी सोडावी आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहावे, 'या दिवशी मोजले नाही.' न मोजलेला दिवस आणि कोरडा दिवस यांत फार मोठा फरक आहे. त्या मोकळ्या जागेमुळे तिच्या आलेखाला उणेपणा येत नाही. उलट, जेथे माहीत नाही तेथे माहीत नाही असे ही मुलगी सांगते, म्हणून तिचे उरलेले खांबही खरे असतील, असा विश्वास पाहणाऱ्याला वाटतो.

येत्या पावसाळ्यात एक बरणी, एक मोजपट्टी आणि एक वही जवळ ठेवा. महिनाभर रोज एकाच वेळी पाऊस मोजा आणि त्याचा आलेख वर्गाच्या भिंतीवर लावा. मग कोणत्या दिवशी जास्त पाऊस पडला याविषयी शाळेच्या वाटेवर वाद निघाला, तर आवाज चढविण्याचे कारण पडणार नाही. भिंतीकडे बोट दाखविले की पुरे.